फोल्डरचं नाव मराठी आणि डीएलएल लोड होत नाही: नव्यानं प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी

हिंगणघाट, वणी, अकोट या कापसाच्या पट्ट्यात जिनिंगच्या गेटवर वजनकाटा असतो आणि काट्याशेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर. गाडी काट्यावर चढली की वजन केबलमधून कॉम्प्युटरकडे जातं आणि पावती निघते. काट्याशी बोलायचं काम मुख्य प्रोग्राम बहुधा स्वतः करत नाही, ते एक नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे थेट यंत्राच्या भाषेत बांधलेली वेगळी फाइल, करते. विंडोजवर तिला डीएलएल म्हणतात, लिनक्सवर ती एसओ फाइल असते. सेवा केंद्रातलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र घ्या किंवा पावतीचा छोटा प्रिंटर घ्या, तिथंही हाच प्रकार.

तुम्ही प्रोग्राम लिहिता, तुमच्या लॅपटॉपवर तो छान चालतो. गावात नेऊन बसवला की उघडतानाच सांगतो, मॉड्यूल सापडलं नाही. काट्यावरचे भाऊ फोल्डर उघडून दाखवतात: "फाइल तं इथंच हाये, मंग सापडत काऊन नाही?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फाइल खरोखर तिथंच असते. फरक एवढाच, की त्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या खात्याचं नाव 'गजानन' असं देवनागरीत आहे किंवा प्रोग्राम 'कापूस खरेदी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलाय, आणि तुमच्या कोडपासून विंडोजपर्यंत जाताना ते नाव मध्येच मोडलं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे "फोल्डरचं नाव इंग्रजीत करा". मला तो मान्य नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था नावं यूटीएफ-१६ मध्ये (यूनिकोड चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याची एक पद्धत) ठेवते, तिच्या लेखी 'कापूस खरेदी' हे पूर्ण वैध नाव आहे. माणसानं आपल्या भाषेत नाव दिलं, यात त्याचं काही चुकलेलं नाही. दुरुस्ती आपल्या कोडमध्ये व्हायला हवी. शिवाय हा सल्ला खात्याच्या बाबतीत लागूही पडत नाही: विंडोजमध्ये खात्याचं नाव बदललं तरी यूजर्समधला त्याचा फोल्डर जुन्याच नावानं राहतो.

खाली फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनंच येतील.

पायरी १: दोष पाथचाच आहे ना, हे आधी पक्कं करा

विंडोजचा त्रुटी क्रमांक बघा. १९३ आला तर पाथ सोडून द्या. ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटची डीएलएल दिली गेलीय, किंवा उलट. १२७ आला तर फाइल मिळाली पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही, म्हणजे बहुधा आवृत्ती वेगळी. खरा घोळ घालतो तो १२६. त्याचा अर्थ "सापडलं नाही" एवढाच, आणि काय सापडलं नाही ते तो सांगत नाही. तुमची डीएलएल सापडली नसेल, किंवा ती सापडली पण तिला लागणारी दुसरी डीएलएल सापडली नसेल. नव्या कॉम्प्युटरवर व्हिज्युअल सी++ चा रनटाइम बसवलेला नसणं हे १२६ चं फार नेहमीचं कारण आहे, आणि त्याचा मराठी नावाशी काही संबंध नाही.

म्हणून सोपी चाचणी करा. प्रोग्रामचा अख्खा फोल्डर सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून चालवा. चालला, तर दोष प्रोग्राम जिथे बसवलाय त्या पाथचा.

नाही चालला तरी पाथ निर्दोष ठरत नाही. बरेच प्रोग्राम आपली डीएलएल आधी टेंप फोल्डरमध्ये सोडतात आणि तिथून उचलतात. टेंप फोल्डर असतो वापरकर्त्याच्या खात्याखाली, म्हणजे पुन्हा 'गजानन'च्याच आत. तेव्हा कमांडची काळी खिडकी उघडा, तिच्यात टेंप आणि टीएमपी हे दोन्ही व्हेरिएबल एखाद्या इंग्रजी नावाच्या फोल्डरकडे वळवा आणि त्याच खिडकीतून प्रोग्राम सुरू करा. आता चालला, तर चोर टेंपमध्ये आहे. हा बदल त्या खिडकीपुरताच असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करायलाही हरकत नाही.

तरीही उलगडा झाला नाही तर मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन घ्या. तुमच्या प्रोग्रामच्या नावाचा फिल्टर लावा आणि डीएलएलच्या नावाशी संबंधित ओळींमधला पाथचा रकाना नीट वाचा. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, किंवा त्या फाइलची नोंदच कुठे दिसली नाही, तर कुणीतरी नाव जुन्या कोड पेजमध्ये (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, हे सांगणारा मर्यादित तक्ता) कोंबलंय. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यापुढे विचित्र चिन्हं अशी माळ दिसली, तर यूटीएफ-८ चे (यूनिकोड लिहिण्याची दुसरी पद्धत) बाइट चुकीच्या पद्धतीनं वाचले गेलेत. आणि नाव स्वच्छ मराठीत दिसत असूनही फाइल मिळत नसेल, तर सहाव्या आणि आठव्या पायरीकडे जा.

पायरी २: नाव मोडतं कसं, ते एकदा डोळ्यांनी बघा

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय यावरच उभे आहेत.

विंडोजमध्ये मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनची दोन रूपं असतात. डीएलएल लोड करणाऱ्या फंक्शनची रूपं म्हणजे लोडलायब्ररी-ए आणि लोडलायब्ररी-डब्ल्यू. डब्ल्यू रूप यूटीएफ-१६ घेतं, म्हणजे फाइल-व्यवस्थेत नाव जसं आहे तसंच. ए रूप एकेका बाइटची अक्षरं घेतं आणि ती त्या कॉम्प्युटरच्या अ‍ॅन्सी कोड पेजनुसार वाचतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर हे कोड पेज १२५२ असतं. त्यात पश्चिम युरोपची अक्षरं आहेत, देवनागरीचं एकही नाही. जपानी, रशियन, अरबी यांना निदान स्वतःचं अ‍ॅन्सी कोड पेज आहे, म्हणून तिथले जुने प्रोग्राम स्थानिक नावांवर कसेबसे चालून जातात. देवनागरीसाठी विंडोजनं असं कोड पेज कधी दिलंच नाही. म्हणूनच परदेशातल्या प्रोग्रामरनं "आमच्याकडे चालतं" म्हटलं, तरी ते आपल्याकडे चालेल असं धरून चालता येत नाही.

आता 'गजानन' घ्या. ग, ज, काना, न, न अशी ही पाच यूनिकोड चिन्हं. यूटीएफ-१६ मध्ये १० बाइट, यूटीएफ-८ मध्ये १५. हे नाव १२५२ मध्ये बदलायला सांगितलं तर पाचही चिन्हांना तिथे जागा नाही, म्हणून पाच प्रश्नचिन्हं येतात. प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या फाइल-नावात चालतच नाही. मूळ नाव इथे कायमचं गेलं, पुढच्या कुठल्याही युक्तीनं ते परत मिळत नाही.

दुसरा प्रकार वेगळा आहे. तुम्ही नाव यूटीएफ-८ मध्ये जपून आणलं आणि शेवटी ए रूपाला दिलं. 'ग'चे तीन बाइट आहेत: ई०, ए४, ९७. ए रूप ते तीन स्वतंत्र रोमन अक्षरं म्हणून वाचतं. पंधरा बाइटची पंधरा अक्षरं होतात, आणि त्या नावाचा फोल्डर अर्थातच नसतो.

यात आपल्या लिपीपुरती एक खास अडचण आहे. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी आहे, पहिल्या उकाराचा ८१, झ चा ९डी आणि ए चा ८एफ. त्यामुळे पायथनमध्ये यूटीएफ-८ चे बाइट चुकून १२५२ समजून वाचले, तर 'वणी' आणि 'अकोट' यांचा मुकाट्यानं कचरा होतो, पण 'पुसद', 'वरुड' आणि 'वर्धा' यांवर प्रोग्राम थेट त्रुटी देऊन थांबतो. एका तालुक्यात चालतं आणि शेजारच्या तालुक्यात नाही, अशी तक्रार आली तर ती थट्टा समजू नका, तिच्यामागे हे कारण असू शकतं.

पायरी ३: सी आणि सी++ मध्ये दुरुस्ती

नियम एकच: नाव जिथून मिळतं तिथपासून लोडरपर्यंत (डीएलएल आणणारा विंडोजचा भाग) ते रुंद, म्हणजे यूटीएफ-१६ मध्येच, ठेवायचं. शेताला पाणी देताना पाट एका जागी जरी फुटला तरी टोकाचं वाफं कोरडं राहतं, तसंच इथे एक अरुंद टप्पाही नाव संपवायला पुरतो.

प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चाललाय हे विचारायला गेटमॉड्यूलफाइलनेम-डब्ल्यू वापरा. कमांडवरून पाथ येत असेल तर साध्या मेनऐवजी डब्ल्यूमेन घ्या, कारण साध्या मेनला मिळणारे शब्द आधीच १२५२ मधून गाळलेले असतात. मग लोडलायब्ररी-डब्ल्यू, किंवा त्याहून चांगलं म्हणजे लोडलायब्ररीएक्स-डब्ल्यू. लायब्ररी स्वतः फाइल उघडत असेल तर एफओपनऐवजी डब्ल्यूएफओपन. पाथ पूर्ण द्या आणि त्यात उलटी तिरपी रेघच वापरा, लोडलायब्ररीला सरळ तिरपी रेघ चालत नाही.

सी++ चं स्टँडर्ड फाइलसिस्टम वापरत असाल तर पाथच्या वस्तूवर सी-स्ट्र मागा. विंडोजवर तो रुंदच मिळतो. तिथेच 'स्ट्रिंग' मागितली की ती अ‍ॅन्सी कोड पेजमध्ये बदलायला जाते आणि देवनागरीवर अपवाद फेकते. अनेकांच्या कोडमध्ये हा शब्द केवळ लॉग लिहिण्यासाठी येतो आणि प्रोग्राम त्या लॉगच्या ओळीवरच पडतो, डीएलएलपर्यंत पोचतही नाही.

गेटप्रॉकअ‍ॅड्रेसचं डब्ल्यू रूप शोधत बसू नका, ते नाही. फंक्शनची नावं साध्या बाइटमध्येच असतात, तिथे काही बदलायचं नाही.

आणखी एक. डीएलएल तुमच्याच ताब्यातली असेल आणि ती नेहमीच लागणार असेल, तर चालू प्रोग्राममधून लोड करण्याऐवजी बिल्ड करतानाच जोडून घ्या आणि प्रोग्रामच्या शेजारी ठेवा. मग ती विंडोजचा लोडर स्वतः आणतो, तो आतून यूटीएफ-१६ वरच चालतो, आणि मराठी फोल्डरचा प्रश्नच उरत नाही.

पायरी ४: जावा, पायथन, सी-शार्प

जावाची स्ट्रिंग आतून यूनिकोडच आहे, त्यामुळे लोकांना वाटतं इथे धोका नाही. पण जुन्या आवृत्त्यांमध्ये सिस्टम.लोडला दिलेला पाथ खाली उतरताना कोड पेजमधून जातो आणि तिथे प्रश्नचिन्हं होतात. जेडीके (जावाचा विकास-संच) १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, मजकुराचं डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं. मात्र तो बदल फाइलच्या आतल्या मजकुरासाठी आहे, फाइल-नावांसाठी वापरली जाणारी जेएनयू एन्कोडिंगची सेटिंग त्यानं बदललेली नाही. म्हणून "आम्ही तर १८ वर आहोत" म्हणून निश्चिंत होऊ नका, मराठी फोल्डरमध्ये ठेवून चालवून बघा. जुन्या आवृत्तीवर अडलं असेल तर आधी नव्या जेडीकेवर तपासा.

जेएनआय, म्हणजे जावाला सी कोडशी जोडणारा भाग, लिहिताय तर आणखी जपा. गेटस्ट्रिंगयूटीएफकॅर्स जे देतं ते सुधारित यूटीएफ-८ असतं. ते विंडोजच्या ए फंक्शनला किंवा एफओपनला तसंच दिलं की दुसऱ्या पायरीतली पंधरा अक्षरं तयार. गेटस्ट्रिंगकॅर्स घ्या, त्यातून यूटीएफ-१६ मिळतं, आणि डब्ल्यू रूपाला द्या. त्या मजकुराच्या शेवटी शून्य असेलच याची खात्री नसते, तेव्हा लांबी विचारून स्वतःच्या जागेत कॉपी करा आणि शून्य स्वतः लावा.

पायथन ३ मध्ये सी-टाइप्सला (डीएलएल लोड करणारं पायथनचं मॉड्यूल) पाथ साध्या स्ट्रिंगच्या रूपात दिला तर तो रुंद रूपानंच लोड होतो. इथे फसगत होते ती ३.८ या आवृत्तीपासून: आश्रित डीएलएल, म्हणजे आपल्या डीएलएलला लागणाऱ्या दुसऱ्या डीएलएल, शोधताना पाथ व्हेरिएबल आता बघितला जात नाही, त्यासाठी ओएस.अ‍ॅडडीएलएलडिरेक्टरी वापरून फोल्डर स्वतः सांगावा लागतो. २०१९ पूर्वीच्या धड्यांवरून शिकणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि ते मराठी नावाला दोष देत बसतात. दुसरी फसगत लायब्ररी लोड झाल्यावरची. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीचं चित्र वाचणारं फंक्शन विंडोजवर 'बोंडअळी' नावाच्या फोल्डरमधला फोटो वाचत नाही आणि त्रुटीही नीट देत नाही, नुसतं रिकामं उत्तर देतं. उपाय म्हणजे फाइल नमपाय या पायथन लायब्ररीनं बाइटच्या रूपात वाचा आणि ते बाइट ओपनसीव्हीच्याच आयएमडीकोडला द्या. पाथ लायब्ररीपर्यंत पोचवायचाच नाही.

सी-शार्पमध्ये लोडलायब्ररीची घोषणा स्वतः लिहिली असेल तर तिच्यातला कॅरसेट (ए रूप की डब्ल्यू रूप, हे ठरवणारी सेटिंग) पाहा. काही न लिहिता सोडला तर तो अ‍ॅन्सी धरला जातो. तिथे यूनिकोड लिहा, बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. डॉटनेट कोअर ३.० पासून नेटिव्हलायब्ररी.लोड आहे, नवं काम असेल तर तेच घ्या.

पायरी ५: मॅनिफेस्टचा उपाय, आणि दोन उपाय जे करू नयेत

तुमचा जुना कोड सगळा ए रूपांनी भरलेला असेल आणि एकेक ओळ बदलायला सवड नसेल, तर विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून, म्हणजे मे २०१९ पासून, एक सोय आहे. प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबत विंडोजसाठी दिलेली माहितीची फाइल) अ‍ॅक्टिव्ह कोड पेज यूटीएफ-८ असं जाहीर करता येतं. मग त्या प्रोग्रामपुरती सगळी ए फंक्शनं यूटीएफ-८ समजतात. उपाय चांगला आहे. पण काट्याच्या खोलीत विंडोज ७ वर चालणारं जुनं यंत्र असेल तर तिथे ती ओळ बिनकामाची ठरते. गावात काय सापडेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे जमेल तितकं डब्ल्यू रूपच वापरावं असं माझं मत आहे.

काळ्या खिडकीत कोड पेज ६५००१ करा, असा एक उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो फक्त त्या खिडकीत अक्षरं कशी दिसतात आणि वाचली जातात यापुरता आहे. अ‍ॅन्सी कोड पेज त्यानं बदलत नाही, डीएलएलला काडीचाही फरक पडत नाही.

दुसरा, कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये जाऊन संपूर्ण कॉम्प्युटरला यूटीएफ-८ लावण्याची टिकमार्क. मायक्रोसॉफ्टनं तिच्यापुढे बीटा असं लिहून ठेवलंय. तिनं तुमचा प्रोग्राम चालेलही, पण त्याच कॉम्प्युटरवरचा १२५२ गृहीत धरणारा जुना हिशेबाचा प्रोग्राम बिघडू शकतो. ऐन हंगामात दुसऱ्याच्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला असा हात लावू नये. स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासणीसाठी चालेल.

पायरी ६: डीएलएलची डीएलएल

तुमची डीएलएल मिळाली, तिला अजून दोन लागतात, त्या तिच्याच शेजारी आहेत, आणि तरी १२६. विंडोज आश्रित डीएलएल शोधताना मुख्य प्रोग्रामचा फोल्डर बघतं, तुमच्या डीएलएलचा नाही. लोडलायब्ररीएक्सला "डीएलएलच्या फोल्डरमध्येही बघ" असं सांगणारा ध्वज द्या, किंवा अ‍ॅडडीएलएलडिरेक्टरीनं फोल्डर नोंदवा. हे फंक्शन मुळातच रुंद रूपात आहे, त्यामुळे मराठी नाव बिनघोर देता येतं. विंडोज ७ वर या सोयींसाठी विंडोजचा एक अपडेट बसवलेला असावा लागतो.

पायरी ७: लायब्ररी दुसऱ्याची असेल तर

ठसे घेणाऱ्या यंत्राची किंवा काट्याची डीएलएल उत्पादकाकडून येते, तिचा कोड आपल्याकडे नसतो. ती आतून ए रूप वापरत असेल तर आपण कितीही रुंद पाथ दिला तरी पुढे ती मोडणारच. अशा वेळी वाट वळवणं एवढंच हाती आहे, आणि ते आपण करायचं, वापरकर्त्यानं नव्हे.

सगळ्यात सरळ म्हणजे इन्स्टॉलरनं ती डीएलएल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवावी. कॉम्प्युटरवर खात्यांची नावं काहीही असोत, तो पाथ इंग्रजीच राहतो. माणसाच्या नोंदी, पावत्या, याद्या खुशाल 'कापूस खरेदी'मध्ये राहू देत. टेंपमध्ये सुटणाऱ्या लायब्ररीसाठी जावाच्या आयओ टेंपडिरची सेटिंग प्रोग्राम सुरू करतानाच वळवता येते, एसक्यूलाइटच्या जेडीबीसी ड्रायव्हरला तर स्वतःची वेगळी टेंपडिर सेटिंगही आहे. पायइन्स्टॉलरनं एकाच फाइलमध्ये बांधलेला प्रोग्रामही टेंपमध्येच उलगडतो. तिथे एका फाइलचा हट्ट सोडून फोल्डरच्या स्वरूपात बांधा.

वळवलेला फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी नवा करून मोकळं होऊ नका. तिथे नव्या फोल्डरमध्ये साध्या खात्यांनाही लिहायची मुभा मिळते, म्हणजे कुणीही तुमच्या डीएलएलच्या जागी स्वतःची ठेवू शकतो. ठशांचं यंत्र, बँकेचे व्यवहार अशा कॉम्प्युटरवर हे फार घातक आहे. परवानग्या आवळा, लिहायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला ठेवा.

काहीच जमलं नाही तर एमकेलिंकनं जंक्शन बनवा: इंग्रजी नावाचा एक दुवा, जो मराठी फोल्डरकडे नेतो. फाइली जागच्या जागी राहतात, डीएलएलला फक्त इंग्रजी नाव दिसतं. जुन्या आठ-तीन नावांची (विंडोज स्वतः बनवतं ती आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट असलेली छोटी नावं) युक्तीही पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते, पण ती नावं ड्राइव्हवर बंद केलेली असू शकतात, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

लिनक्सवर हे प्रकरण बरंच हलकं आहे. शाळेतल्या संगणक कक्षात उबंटू असेल तर डीएलओपन, म्हणजे लिनक्सचं लायब्ररी लोड करणारं फंक्शन, पाथचे बाइट जसेच्या तसे घेतं, कोड पेज नावाची भानगडच नाही. अडचण येते ती प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवताना, जेव्हा लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) नुसतं सी असतं आणि जावा मराठी नावांना ओळखेनासा होतो. सर्व्हिसच्या फाइलमध्ये लँगची किंमत सी.यूटीएफ-८ करा. आणि लांबीवर लक्ष ठेवा: लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हं. 'मौजे' आणि 'तालुका' आणि 'सन' सगळं एकाच नावात लिहिणाऱ्यांचं नाव तिथवर पोचू शकतं.

पायरी ८: 'शेतकऱ्यांची यादी' आणि दोन प्रकारचा ऱ्या

हा मुद्दा मराठीचाच आहे, त्यामुळे परदेशी धड्यांत तो शोधून सापडणार नाही. 'शेतकऱ्यांची' यातला ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्तेवाला ऱ, म्हणजे यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, यू+२००डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाइट मात्र वेगळे, म्हणून फाइल-व्यवस्थेच्या लेखी हे दोन वेगळे फोल्डर आहेत. कीबोर्ड आणि टाइपिंगचं साधन बदललं की तऱ्हा बदलू शकते. फोल्डर एकानं बनवला आणि सेटिंगच्या फाइलमध्ये पाथ दुसऱ्यानं टाइप केला, की फाइल डोळ्यांसमोर असून मिळत नाही.

यूनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करण्याचा नियम) इथे अर्धंच कामी येतं. कुणी ऱ हा र आणि नुक्ता असा तोडून लिहिला असेल तर एनएफसी तो जोडून देतं. पण अदृश्य जोडकवाली तऱ्हा आणि नुक्तेवाली तऱ्हा यांना ते एक करत नाही. म्हणून पाथ कधीच टाइप करायला लावू नका. फोल्डर निवडण्याची खिडकी द्या, तिथून मिळालेलं नाव जसंच्या तसं साठवा. स्वतःहून सामान्यीकरण करून डिस्कवरच्या नावाशी खेळू नका, तुलना करायची असेल तेव्हाच दोन्ही बाजू एकसारख्या करून बघा. सेटिंगची फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहा आणि वाचतानाही यूटीएफ-८ च सांगा.

पायरी ९: पाठवण्याआधी

तुमच्या लॅपटॉपवर एक वेगळं विंडोज खातं मराठी नावानं उघडा. ते थेट लोकल खातं असू द्या आणि नाव सुरुवातीलाच देवनागरीत द्या, कारण मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्यानं उघडलं तर फोल्डरला ईमेलची पहिली काही रोमन अक्षरंच मिळतात आणि चाचणी फुकट जाते. त्या खात्यात 'आर्णी तालुका शेतकऱ्यांची यादी (झरी)' असा फोल्डर करा. यात रफार आहे, उकार आहे, झ आहे, ऱ्या आहे, मोकळी जागा आहे आणि कंसही आहेत. प्रोग्राम त्यात बसवा, डीएलएल लोड करा, एक पावती काढा, लॉग वाचा. नंतर तोच फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवा. दर वेळी आवृत्ती बाहेर पाठवताना हे करा.

शेवटचं काम त्रुटीच्या संदेशाचं. "लायब्ररी लोड झाली नाही" एवढ्यावर सोडू नका. संदेशात तीन गोष्टी हव्यात: तुम्ही लोडरला दिलेला पूर्ण पाथ, विंडोजचा क्रमांक, आणि तो पाथ असलेली फाइल प्रोग्रामला स्वतःला दिसते की नाही याचं हो किंवा नाही. क्रमांक लोडलायब्ररीच्या लगेच पुढच्या ओळीत उचला, मध्ये दुसरं फंक्शन आलं तर तो बदलू शकतो. संदेश मराठीत लिहा आणि खाली 'कॉपी करा' असं बटण द्या, म्हणजे काट्यावरच्या माणसाला इंग्रजी अक्षरं फोनवर वाचून दाखवावी लागणार नाहीत, ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील. पाथमध्ये प्रश्नचिन्हं दिसली तर दुसरी पायरी, पाथ स्वच्छ आणि फाइल दिसते पण क्रमांक १२६ असेल तर सहावी, आणि पाथ स्वच्छ असून फाइलच दिसत नसेल तर आठवी.